मेणाचा पाय

मॅचमध्ये गुडघा मोडला, तेव्हापासून हॉकीपटू रॉयस्टनची आई रोझ तो बरा व्हावा म्हणून दर बुधवारी चर्चमध्ये मेणाचा पाय वाहत होती. पोरगा पुन्हा खेळणार, असं भोईवाड्यात भेटेल त्याला सांगायची. म्हणूनच विमा कंपनीच्या डॉक्टरकडे जाताना टॅक्सीत रॉयस्टनने तिला बजावलं, "मम्मी, तिथे सुधारतंय म्हणालीस तर क्लेम गेलाच समज. पाय कायमचा गेला असेल तरच देतात."

आणि नेमकं नको तेच झालं. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि थेट रोझलाच विचारलं, "घरी काही फरक वाटतो?"

"नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "पाय गेला त्याचा. आता तो खेळायचा नाही."

बाहेर आल्यावर रॉयस्टन हसत सुटला. "काय ॲक्टिंग केलीस गं मम्मी! मला पण खरं वाटलं."

बुधवार होता, म्हणून येताना दोघं चर्चपाशी थांबली. फाटकाजवळच्या मेणबत्तीवालीने सवयीने मेणाचा पाय पुढे केला.

"पाय नको आज," रोझ म्हणाली. "साधी मेणबत्ती दे."