उपरण्याखालचा व्याजदर

दत्तोबांनी खांद्यावरचं उपरणं उजव्या हातावर पसरलं. "या साहेब, एकेकानं. तोंडानं बोलायचं न्हाय. हितं कापडाखाली माझी बोटं धरा. धराल तेवढे टक्के."

पणदऱ्याच्या त्यांच्या डेअरीत दूध पावडरचा कारखाना उभा राहायचा होता. कर्ज कोटींचं, म्हणून तीन बँकांचे मॅनेजर सकाळीच बारामतीहून हजर. दत्तोबांची हयात जनावरांच्या बाजारात गेलेली. तिथं सौदा असाच होतो, शेजारच्याला पत्ता लागत नाही.

आधी मिहिर गेला आणि गालात हसत परतला. ते हसू पाहून नागेशचा धीर सुटला. तो ठरवून आलेल्या दरापेक्षा सरळ दोन टक्के खाली उतरला. मग मिहिर पुन्हा उठला. दर कमी करा असं दत्तोबा एका शब्दानं बोलले नव्हते. पण चढाओढ लागली की भली शहाणी माणसंही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात.

तिसरी दीप्ती. तिचा जीव टांगणीला लागला होता. आधीच्या मॅनेजरनं पडेल दरानं कर्जं वाटून शाखा तोट्यात घातलेली. हे कर्ज हुकलं तर शाखेला कुलूप, आणि आठ टक्क्यांनी दिलं तरी कुलूपच. बँकेला स्वतःलाच पैसा जवळजवळ तेवढ्याला पडत होता.

तिनं दत्तोबांचा अख्खा पंजा धरला, मग चार बोटं. नऊ. दत्तोबांनी त्यातलं एक बोट हळूच सोडवून घेतलं. तिनं ते पुन्हा धरलं.

"ताई, बाकीचे लई खाली हायेत," दत्तोबा न राहवून कुजबुजले.

"असू देत, आबा. आज खाली उतरेन आणि वर्षाच्या आत तुमच्याकडंच वाढवून मागेन. ते मला जमायचं नाही."

दत्तोबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "कर्ज ताईंचं."

"आबा, मी सात दिला होता!" नागेश उठलाच.

"मी तर सहा!" मिहिर म्हणाला, आणि दोघं एकमेकांकडं बघतच राहिले.

"म्हणूनच न्हाय घेतलं," दत्तोबा म्हणाले. "पडेल भावात बैल सोडतो, त्याच्या बैलाला खोड असती."

दीप्तीला हसू आवरेना. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुख्य कार्यालयातले साहेब.

"मिळालं? किती खाली उतरावं लागलं?"

"उतरलेच नाही, सर," ती अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.