दिवसाढवळ्या पपई

वाळलेले कपडे काढायला हेमांगी गच्चीवर आली आणि दारातच थबकली. तिची आई स्टूल लावून कठड्यावर चढून उभी होती. पलीकडे तीन मजले खाली रस्ता होता. एका हातानं आईनं ड्रममधल्या पपईचं खोड धरलं होतं आणि दुसरा हात वरच्या पिवळसर फळाकडे नेला होता.

हेमांगीनं ते रोप लावलं, तेव्हा रोज पाणी घालायला आईच असायची. आता तिला लेकीचं तोंडही ओळखू येत नव्हतं. त्यात पपईचं खोड ते, आतून पोकळ. जरा भार पडला की मोडणार.

"आई, खाली ये ना. मी काढून देते."

"तू कोण गं?" म्हणत आई आणखी पुढे वाकली. खोड करकरलं.

धावावं तर आई दचकेल, ओरडावं तरी तेच. मग हेमांगीला काय सुचलं कोण जाणे, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय हो बाई, दिवसाढवळ्या पपई चोरताय?"

"चोर कुणाला म्हणतेस?" आईनं खोड सोडलं, कठड्यावरून स्टुलावर, स्टुलावरून खाली उतरली आणि तावातावानं समोर येऊन उभी राहिली. हेमांगीनं तिचं मनगट गच्च पकडलं.

"माझ्या लेकीनं लावलंय हे झाड," आई म्हणाली. "माझी हेमा घरी येऊ दे, मग दाखवते तुला!"