वस्तीप्रमुखाचा शिक्का

“कार्डावर ‘विवाहित’ लिहिलंय,” सार्जोनोंनी ओळखपत्रावर बोट ठेवलं. “दोघांच्याही.”

“कोणाशी, ते लिहिलेलं नाही,” काउंटरमागचा फौजान म्हणाला.

जाकार्ताच्या बस टर्मिनलजवळचं हे सगळ्यात स्वस्त अतिथिगृह. आपल्या गावाहून, वोनोगिरीहून, निघण्याआधी सार्जोनोंनी चार जणांना विचारून ते हेरून ठेवलं होतं. दारावर पाटी होती, की स्त्री-पुरुषांना एक खोली फक्त विवाह-पुस्तिका दाखवल्यावर मिळेल. आत शिरताना ती वाचून ते बायकोला समाधानाने म्हणाले होते, “बघ, जागा सभ्य आहे.” ती पाटी आपल्यालाही लागू असेल हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

सुमियाती भिंतीलगतच्या खुर्चीत बसली होती. चौदा तासांच्या प्रवासाने तिचा उजवा पाय घोट्यापाशी सुजला होता. तो तिने कपड्यांच्या बोचक्यावर ठेवला होता आणि मांडीवर शेंगदाण्याच्या पापडांचा डबा धरला होता. डबा मुलीसाठी होता. मुलगी उद्या तीन वर्षांसाठी तैवानला घरकामाला निघणार होती, आणि सकाळी आठ वाजता एजन्सीच्या फाटकापाशी तासभर भेटू देणार होते. तोवर आडवं व्हायला एक खोली हवी होती.

“पत्ता बघ,” सार्जोनो म्हणाले. “दोघांचा एकच आहे.”

“एका पत्त्यावर दीर-भावजयही राहतात, बाबा.”

बाकावर बसलेले दोन ड्रायव्हर हसले. सार्जोनोंचे कान तापले.

“ही माझी भावजय दिसते तुला?”

“मला काय दिसतं ते मालक विचारत नाहीत. पुस्तिका विचारतात. तुमची तपकिरी, आईंची हिरवी.”

“त्या घरी आहेत, कपाटात, बिस्किटांच्या डब्यात. एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला. एकसष्ट वर्षांची बाई आहे, गुडघ्यावर हात टेकून उठते. तिला घेऊन मी इथे चाळे करायला आलोय?”

“अहो, हळू,” सुमियाती म्हणाली.

“हळू कशाला? मी काही चोरी केलेली नाही.”

“मग दोन खोल्या घ्या,” फौजान म्हणाला. “बायकांच्या वरच्या मजल्यावर आहेत.”

“आणि या पायाने ती जिना चढणार?”

“समोरच्या हॉटेलात काही विचारत नाहीत.”

“भाडं पाहिलंस तिथलं? म्हणजे ज्यांना लपवायचंय त्यांना एसी, आणि आम्ही उघड्यावर. गावाला फोन लाव माझ्या. वस्तीत बत्तीस घरं आहेत, कुठल्याही घरात विचार.”

“फोनवर शिक्का उठत नाही, बाबा.”

सार्जोनोंनी बोलायला उघडलेलं तोंड मिटलं. सुमियातीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

फौजानची नजर तिच्या घोट्यावर गेली. त्याने आवाज उतरवला. “एक होऊ शकतं. तुमच्या वस्तीप्रमुखाचं पत्र असलं, सहीशिक्क्याचं, तर मालक चालवून घेतात. कोण आहे तुमचा वस्तीप्रमुख?”

“मी,” सार्जोनो म्हणाले. “अठरा वर्षं.”

त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला शिक्का आणि शाईची डबी काढली. घरी ठेवला तर कोणी भलत्या कागदावर मारील, म्हणून ते शिक्का कायम बरोबर बाळगत. फौजानने शिक्का हातात घेऊन उलटा वाचला.

“स्वतःच स्वतःला पत्र देणार?”

“नियमात तसं चालत नाही, असं कुठे लिहिलंय?”

फौजान हसला. “द्या. मला फाइलला कागद लागतो.” त्याने खिळ्यावरची किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

सार्जोनोंनी वळणदार अक्षरात लिहिलं, की खाली नावं दिलेली दोन माणसं पती-पत्नी असून माझ्या वस्तीत राहतात. सही केली. शिक्का शाईवर दाबला. त्यांचा चेहरा आता निवळला होता.

सुमियाती काउंटरला धरत धरत जवळ आली. तिने कागद वाचला आणि त्यावर आपला तळहात ठेवला.

“रोज्यांच्या आधी आपल्या वस्तीत, पार्तोच्या मागच्या खोलीत भाड्याने जोडपं आलं होतं,” ती म्हणाली. “कौलांच्या कारखान्यातलं. पोरीला सातवा लागला होता. पाय असेच सुजले होते तिचे.”

“हात काढ. शिक्क्यावरची शाई वाळते आहे.”

“पुस्तिका गावी राहिल्या म्हणत होती. फोन लावून देते म्हणाली. तुम्ही काय म्हणालात? हेच ना, फोनवर शिक्का उठत नाही?”

सार्जोनोंनी फौजानकडे पाहिलं. फौजान रजिस्टर चाळू लागला.

“ते वेगळं होतं,” सार्जोनो म्हणाले. “त्यांचं लग्न झालं होतं की नाही, कोणाला माहीत?”

“आपलं इथे कोणाला माहीत आहे?”

बाकावरचे ड्रायव्हरही आता हसत नव्हते.

“माझी पोर फाटकाशी वाट बघत उभी राहील सकाळी,” ती म्हणाली. “तिच्याकडे बघायला मला झोप हवी आहे, खोली हवी आहे, सगळं हवं आहे. पण आधी सांगा. त्या दोघांना तुम्ही दिवेलागणीला बाहेर काढलंत. ती कुठे झोपली?”

“मला काय माहीत.”

“मला माहीत आहे. उघड्यावर. पहाटे मी तिथेच भात नेऊन दिला होता.”

शिक्का सार्जोनोंच्या हातात तसाच राहिला. तिने कागदावरचा हात उचलला नाही.