तेरा पाकिटं

"परत एकदा तपासा ना," वैष्णवी म्हणाली. "आमच्या घरात कुनालाच नाय हा आजार."

संदीपने रिपोर्टचं पाकीट टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. खर्डी स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात ते साखरपुड्यानंतर तिसऱ्यांदा भेटत होते.

"कंप्युटरने काढलाय. तो चुकत नाय. सिकलसेलची वाहक आहेस तू. रक्ताचा आजार, पोरांत उतरतो."

"वाहक म्हंजे आजारी नाय, असं लॅबवाले दामूभाऊ बोलले. नवरा चांगला असला तर पोरांना आजार होत नाय."

"मग दुसरा चांगला नवरा बघ."

असं बोलायला त्याची जीभ कशी धजली कोण जाणे, पण धजली. चहा अर्धा टाकून तो निघून गेला.

कंप्युटरचा त्याला एवढा भरवसा होता, कारण प्रोग्राम त्याचा स्वतःचा होता. मुरबाडला दामूची छोटी लॅब होती. तिथे रिपोर्ट छापायचा प्रोग्राम संदीपने लिहून दिला होता. लिहिताना एरर आली की तो त्या ओळीत 'स्टॅटिक' हा शब्द घालून बघायचा. कॉलेजात सगळी पोरं तेच करायची. एरर जायची, प्रोग्राम पळायचा, आणि पळतोय म्हटल्यावर डोकं कोण लावणार? लॅबमध्ये रोज एकेक नोंद होई आणि लगेच छापली जाई. सगळं ठीक चाललं होतं.

लग्नसराईच्या आधी दामूने सिकलसेलचं शिबिर घेतलं होतं. नवऱ्यामुलांचं आणि नवऱ्यामुलींचं, दोघांचंही मिळून तेरा जणांचं रक्त घेतलं. त्यांत संदीप आणि वैष्णवीही होते. नोंदी दिवसभर झाल्या आणि छपाई सगळी एकदम शेवटी. लॅबमधल्या रखमीने कागद न वाचता पाकिटांत भरले. मुलींची पाकिटं मुलांच्या घरच्यांनी घाईघाईने फोडली, पण ज्याची त्याची गोष्ट घरातच राहिली. मुलांची कुणी फोडली नाहीत. मुलाचा रिपोर्ट कोण मागतो?

वैष्णवीची बातमी मात्र गावोगाव झाली. पुढची दोन स्थळं दारातूनच परत गेली. ती अंगणवाडीत शिकवत असे. तिथे जायचं तिने बंद केलं. संदीप चारचौघांत सांगत फिरला, "वेळेवर कळलं, वाचलो."

दोन महिन्यांत त्याला धसईच्या गोजरांची निर्मला सांगून आली. घर पाहिलं, शेत पाहिलं, सगळं पसंत पडलं. मग गोजर म्हणाले, "पोराचा रिपोर्ट?"

संदीपचे वडील देवराम हसले. "पोराचा कुनी मागतं का हो?"

"मी मागतो. माझ्या पोरीचा मी आनलाय. सोमवारी सोता लॅबमधी येतो. काय खोट निघाली तर सुपारी फुटायची नाय."

त्या रात्री संदीपने कपाटातलं स्वतःचं पाकीट पहिल्यांदा फोडलं. आत छापलं होतं: वाहक.

सोमवारी लॅब उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. दामूने शिबिरातल्या रिपोर्टांच्या प्रती काढल्या. एक वाहक. दुसरा वाहक. तेराच्या तेरा वाहक.

"असं कसं होईल रे?" दामू खाली बसला.

संदीपने प्रोग्राम उघडला. दोन मिनिटांत त्याला चूक सापडली, आणि तो मोठ्याने हसला.

"या 'निकाल'पुढं मी स्टॅटिक लावलंय. त्याने प्रत्येक पेशंटला वेगळा निकाल राहत नाय. प्रोग्राम सुरू झाला की निकालाची जागा एकदाच बनते, सगळ्यांना मिळून एकच. शाळेतल्या फळ्यासारखी. नवीन लिहिलं की जुनं पुसलं."

"म्हंजे वैष्णवीचा पन चुकलेला! तिला फोन लावतो."

"नको. आधी सुपारी फुटू दे माझी."

"अरे, पोरगी घराबाहेर पडत नाय."

"झालं ते झालं, दामूभाऊ. तिला आता सांगून काय उपयोग? उगाच माझ्या नावाने बोंब होईल."

दामूने फोन हातात घेतला होता. पण प्रोग्राम बिघडला तर दुरुस्त करणारा हाच एकटा होता. त्याने फोन परत खिशात टाकला.

संदीपने तो एक शब्द खोडला. रक्त तपासायच्या मशीनमध्ये शिबिराचे निकाल अजून तसेच होते. ते त्याने पुन्हा प्रोग्राममध्ये ओढून घेतले. तेवढ्यात गोजर आले आणि बाकावर टेकले.

"कंप्युटरची जरा चूक झालेली, मामा," संदीप म्हणाला. "आता नाय होनार. तुमच्यासमोरच काढतो."

प्रिंटर सुरू झाला. दामू एकेक कागद उचलून वाचू लागला. "चिमा, नॉर्मल. वैष्णवी, नॉर्मल. अमोल, नॉर्मल."

संदीप खुशीत होता. त्याने रखमीला चहा सांगायला पाठवलं.

बारा कागद झाले, बाराही नॉर्मल. दामू थबकला. "अरे, पन मग त्या फळ्यावर 'वाहक' लिहिलं कुनी?"

"ज्याची नोंद शेवटची होती त्याने," संदीप सहज म्हणाला.

तेरावा कागद गोजरांनीच उचलला, चष्मा नीट केला आणि मोठ्याने वाचलं, "संदीप देवराम विशे. वाहक."