थोटी

मासळीच्या कारखान्यात माशांच्या ओळखीचा नवा तक्ता लागल्याचं कळलं, तेव्हा एवारिस्तो त्यात बायकोचं नाव शोधायला गेला. डेलमिरा वारून चार महिने झाले होते. पंचवीस वर्षं मासे कापून करंगळी कायमची वाकडी झालेल्या त्या बाईनंच चपट्या माशांच्या ढिगातून एक मासा वेगळा काढून मासे अभ्यासायला आलेल्या संशोधक साहेबांना दाखवला होता. "दोन्ही डोळे डावीकडे, ते ठीक आहे. पण कल्ल्यामागचे पर कुठायत? ही तर थोटी आहे," असं ती म्हणाली होती. तेव्हापासून कापणाऱ्या सगळ्या बायका त्याला 'मांका' म्हणायच्या, म्हणजे थोटी.

तक्त्यावर तेच होतं. डोळे डावीकडे, कल्ल्यामागे पर नाहीत, स्थानिक नाव मांका. वर ठळक अक्षरांत साहेबांचं नाव.

"शब्द तिचे ढापलेत, मग नाव का नाही तिचं?" एवारिस्तोनं मुकादमाला धरलं.

"म्हाताऱ्या, डोकं तापवून घेऊ नकोस. मासे कापणाऱ्या बाईचं नाव कोण छापतं? आणि फोटोत आहे की ती. नीट बघ."

एवारिस्तोनं चष्मा लावला आणि तक्त्याला नाक टेकेपर्यंत पुढे झाला.

 

त्या थोट्या माशाशेजारी पालथा ठेवलेला हात त्यानं वाकड्या करंगळीवरून लगेच ओळखला. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'हात फक्त मापासाठी.'