वर गेलेले कोल्हे

जून महिन्यातल्या एका दुपारी रागनहिल्ड जंगलाकाठच्या आपल्या घरात नवे बटाटे खरवडत बसली होती. उघड्या दारातून एक कोल्हा आत आला आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता जिना चढून वर गेला. त्या आठवड्यातला हा सहावा.

"सिक्स्टेन, आणखी एक वर गेला!" तिने नवऱ्याला ओरडून सांगितलं.

गवत कापायचं टाकून सिक्स्टेन आला आणि वर बघून आला. "कोणी नाही गं. खिडकीसुद्धा बंद आहे. तुला भास होतात."

"भास? मग जिन्यावरचे हे तांबडे केस काय तुझ्या टकलाचे?" ती भडकली. "चाळीस वर्षं हे घर मी पुसते. आत शिरताना मला विचारायची काही रीत? आणि गेलेत ते सगळे वरच. खाली एकही उतरलेला नाही!"

सिक्स्टेनने वाकून त्यातला एक केस उचलला आणि उजेडात धरून बघितला.

रागनहिल्ड झाडू घेऊन तरातरा वर गेली. खोलीत खरंच कोणी नव्हतं. पलंगावर पांढरी चादर तेवढी होती.

"चालते व्हा!" ती रिकाम्या खोलीवर खेकसली. "घर माझं आहे!"

पलंग करकरला. चादरीवरच्या सुरकुत्या हळूहळू एका कडेला सरकल्या, तिला बसायला जागा करून द्यावी तशा.