उजवा गुडघा

"गुडघा? कुठला गुडघा?" ओडेसाबाईंनी पर्स कोचच्या टेबलावर आपटली.

"उजवा," कोच हारग्रोव्ह म्हणाला. "रॉयसनं आता फुटबॉल खेळू नये म्हणतात डॉक्टर. काळजी वाटते हो आम्हाला त्याची."

रॉयस शेजारीच बसला होता. नातू एवढा आडदांड, की खालची खुर्ची दिसतच नव्हती. मान खाली घालून तो डावा गुडघा चोळत होता. आजीनं त्याच्या हातावर फटका मारला.

"हात बाजूला! मोठ्या माणसांसमोर नीट बसावं." मग कोचकडे वळून, "तुमच्या त्या डॉक्टरनं गुडघ्याला हात तरी लावला का?"

"अनुभवी माणूस आहे. नुसतं चालणं बघून कळतं त्यांना. उन्हाळाभर लंगडतोय पोरगा."

"मला पण नुसतं तोंड बघून कळतं, तुमच्या पोटात काय आहे ते! नियमानं स्कॉलरशिपवर ठेवायची पोरं पंच्याऐंशीच. तुम्ही सह्या घेऊन बसलात अठ्ठ्याऐंशी जणांच्या. ऑगस्ट आला, आता तीन मुंडकी उडवायची. खोटं असेल तर सांगा!"

कोचनं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

बाईंचा संताप उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी रॉयसला संघासाठी मागायला आलेला हाच माणूस त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तळलेला मासा पुन्हा पुन्हा मागून जेवला होता. 'आजपासून हा माझा मुलगा' म्हणाला होता. गेल्या वर्षी शेजारच्या व्हर्ना व्हिटलोच्या पोरालाही तो मुलगाच म्हणाला, आणि ऐन ऑगस्टात 'जागा भरल्या, जानेवारीत बघू' म्हणून घरी धाडलं. ते पोर अजून कोंबड्यांच्या कारखान्यात खोकी उचलतंय.

"त्यानं आपणहून खेळ सोडला, तर फी, खोली, जेवण, सगळंच जाईल," कोच समजुतीच्या सुरात म्हणाला. "डॉक्टरांनी बाद केला, तर स्कॉलरशिप चालू राहते आणि आमच्या पंच्याऐंशीत तो धरला जात नाही. त्याचंच भलं आहे यात."

"भलं म्हणे! पोराच्या तंगडीचा सौदा करताय आणि वर भलं?"

बाहेर मैदानावर कॉलेजच्या बँडची तालीम चालली होती. ढोलांच्या ठेक्यावर रॉयसचा उजवा पाय आपोआप हलायला लागला. ओडेसाबाईंनी त्यावर आपली टाच ठेवली. कोचनं उठून खिडकी धाडकन लावली.

"डोकं उठवतात मेले भोंगेवाले!"

"माझं डोकं तुम्ही उठवलंय, कोच. येत्या रविवारी चर्चमध्ये उभी राहून सांगणार मी सगळं. तुमचं अर्धं स्टेडियम आमच्याच चर्चमधून भरतं, विसरलात?"

कोच विसरला नव्हता. तो हळूच म्हणाला, "काय हवंय तुम्हाला?"

"डिग्री हातात पडेपर्यंत फी. काहीही झालं तरी. लेखी."

"देतो."

"जेवण. याचं जेवण बघितलंय ना तुम्ही?"

"देतो हो."

"आणि फुटबॉल सोडून दुसरं काही करावंसं वाटलं पोराला, तर कुणी आडवं यायचं नाही."

कोचला हसू फुटलं. "नाचू दे, गाऊ दे, स्वेटर विणू दे! माझ्या संघात खेळायचं नाही, एवढंच."

"तेही लिहा. आणि खाली सही."

कोचनं लिहिलं, सही केली. रॉयस लंगडत उठला. डोळे पुसत ओडेसाबाई दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "माझ्या घरचा मासा पचायचा नाही तुम्हाला!"

सप्टेंबरात पहिला सामना झाला. मध्यंतर झालं, खेळाडू आत गेले आणि बँड मैदानात उतरला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. पहिल्याच रांगेत, अंगाभोवती अजगरासारखा पितळी भोंगा गुंडाळलेला, सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच असा रॉयस चालला होता. ढोलाच्या दर ठोक्याला त्याचे दोन्ही गुडघे पार छातीपर्यंत उडत होते. खेळाडूंच्या आत जायच्या बोगद्याच्या तोंडाशी कोच हारग्रोव्ह थबकला. त्यानं टोपी काढली ती परत घातलीच नाही.

"अगं ओडेसा," शेजारी बसलेली व्हर्ना व्हिटलो किंचाळली, "गुडघा गेला होता ना तुझ्या नातवाचा?"

"कुठला गं गुडघा?" उकडलेल्या शेंगा सोलत ओडेसाबाई म्हणाल्या. "त्या कोचसमोर लंगडायचं कसं, ते अख्खा उन्हाळा माझ्या स्वयंपाकघरात शिकवलं त्याला. तरी मेल्यानं ऐन वेळी डावाच धरला!"